भर दुपारी दिसलेला तारा

सानपाड्याला स्टेशनामागचे प्लॉट तेव्हा मोकळेच पडले होते. एकोणीसशे शहाण्णवच्या अक्षय्य तृतीयेला तिथे मंडप उभा राहिला आणि आठ दिवसांत दुपारी तीनच्या उन्हात तिथे रांग लागू लागली. डोक्यावर पदर, हातात छत्र्या, कुणाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो. ध्रुवानंद महाराज मेलेली माणसं दाखवत होते आणि तीही दिवसाढवळ्या.

मंडपाच्या छताला भोक पाडून त्यातून एक लांब प्लॅस्टिकचा पाइप वर काढला होता. खाली चटई. चटईवर उताणं पडायचं, मेलेल्या माणसाचं नाव सांगायचं. महाराज पाइपावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे. मग पाइपातल्या निळ्या गोलात, नेमका मधोमध, एक पांढरा ठिपका चमकताना दिसायचा.

"विज्ञान म्हणतं दिवसा तारा दिसत नाही," महाराज लाउडस्पीकरवरून सांगत. "का दिसत नाही? कारण विज्ञानाला आई नाही. सूर्य म्हणजे काय, मंडळी? हॅलोजन. आणि आत्मा म्हणजे झीरोचा बल्ब. पण ज्याच्या घरचा बल्ब, त्याला तोच दिसणार." रांगेतल्या बाया डोळे पुसत. ज्यांना काहीच दिसत नसे त्यांना महाराज म्हणत, तुमचं माणूस तुमच्यावर रुसलंय. त्यामुळे दुसऱ्या खेपेला बहुतेकांना दिसत असे.

वैजयंती पहिल्यांदा तिथून परत आली तेव्हा तिने वरणभात लावला. तिची सोळा वर्षांची एकुलती एक मुलगी, ईश्वरी, मागच्या सप्टेंबरात गेली होती. तेव्हापासून त्या घरात धड स्वयंपाक झाला नव्हता. तिचा नवरा श्यामसुंदर पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. कामावरून येताना तो ब्रेड आणायचा, दोघं चहात बुडवून खायची आणि एकमेकांशी न बोलता झोपायची. त्या दिवशी वैजयंतीने दोन ताटं वाढली.

"मी तिला पाहिलं," ती म्हणाली. "दिवसा. अगदी डोक्यावर. हो, मला ठाऊक आहे तुमचा विश्वास नाही. पण मी पाहिलं."

तिने 'दिवसा' म्हणताक्षणी श्यामसुंदरला कळलं की तो शुक्र आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात शुक्र इतका तेजस्वी होता की कुठे बघायचं हे ठाऊक असलं तर दुपारीही नजरेला पडे. श्यामसुंदरला आकाशाचा नाद होता. सहा इंची आरसा घासून त्याने घरी दुर्बीण बनवली होती, आणि घासायला ईश्वरीच बसायची. सूर्य फुटबॉलएवढा धरून तो सोसायटीच्या गच्चीवर ठेवला तर पृथ्वी चोवीस मीटरवर, मोहरीएवढी. मग पुढचा तारा कुठे, हा हिशेब दोघांनी एका रविवारी मांडला होता. उत्तर निघालं साडेसहा हजार किलोमीटर. "म्हणजे पुढचा फुटबॉल थेट जपानात," ती म्हणाली होती, "आणि मधे कुणीच नाही?"

हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण वैजयंती भात कालवत होती. तो मान खाली घालून जेवला.

तीन आठवडे तो गप्प राहिला. ती रोज जायची, परत येऊन जेवायची, केस विंचरायची. ईश्वरीचे पैंजण तिने महाराजांच्या पायाशी ठेवले, तेही त्याने चालू दिलं. मग एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "ज्येष्ठात तिचा तारा मावळणार आहे. महाराज म्हणतात, आईने अन्न सोडलं तर लेक थांबेल. ज्येष्ठ लागला की मी जेवायचं सोडणार."

श्यामसुंदर उठला आणि त्याने भिंतीवरचं पंचांग काढलं. ज्येष्ठाच्या पानावर छापलं होतं, शुक्राचा अस्त. दरवर्षी लोक तो बघून लग्नाच्या तारखा ठरवतात. महाराजांनीही तोच बघितला होता. वैजयंती उपाशी राहणार, ठरल्या तारखेला शुक्र सूर्याच्या उजेडात बुडणार, आणि मुलगी दुसऱ्यांदा गेली ती आपल्यामुळे, असं ती जन्मभर समजणार.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली, भंगारातून पाइप आणला आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत लोखंडी खांबाला बांधला. वैजयंतीने वर यायला साफ नकार दिला. म्हणून त्याने सगुणाबाईंना बोलावलं. सानपाडा गावातल्या सगुणाबाई दारोदार सुकी मासळी विकायच्या. त्यांचा नवरा खाडीत बुडून गेला होता आणि त्याही रोज मंडपात जायच्या.

त्या पाइपाखाली आडव्या झाल्या.

"यो तर तोच हाय," त्या म्हणाल्या. "पन मी तर कोनाचा नाव पन घेतला नाय."

"नाव लागतच नाही, बाई. पाइपाने आजूबाजूचा झगझगाट अडतो आणि नजर एका जागी ठरते, एवढंच. पण तारा सरकतो. म्हणून तो महाराज मंत्र म्हणताना पाइप बोटभर हलवतो."

"मंग यो हाय कोन?"

"संध्याकाळपर्यंत थांबा. मग तुम्हीच मला सांगा."

दर पाच मिनिटांनी तो पाइप जरासा हलवायचा आणि सगुणाबाई ठिपका आहे का बघायच्या. कुजबुज ऐकून शेजारपाजारचे चारजण वर आले. चारच्या सुमाराला वैजयंतीही आली. कठड्याला टेकून ती दुरूनच बघत राहिली. पाइप हळूहळू पश्चिमेकडे कलत गेला. सूर्य वाशीच्या इमारतींमागे उतरला. सात वाजले तेव्हा पाइपाची गरजच उरली नव्हती. पाइपाचं तोंड ज्या दिशेला होतं तिथे, खाडीच्या अंगाला, शुक्र लखलखत होता.

"ही तर शुक्राची चांदनी," सगुणाबाई म्हणाल्या. "आमी रोजच बघतो." त्या डोकं धरून खाली बसल्या. "आनि मी त्याला रोज सांगत व्हते, पोरीचा लगीन ठरला म्हनून."

वैजयंती पुढे आली. तिने पाइपातून बघितलं, मग पाइप सोडून बघितलं.

"म्हणजे सगळ्यांना हाच दिसतो?"

"हाच."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मग मला जाऊ का दिलंत?"

श्यामसुंदरला नजर उचलता येईना. "तू जेवत होतीस," तो म्हणाला.

ती खाली निघून गेली. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडपात गेली. श्यामसुंदर मागोमाग गेला, पण तिने वळून पाहिलं नाही. तिची पाळी आली. महाराज म्हणाले, "नाव सांगा, माई."

"नाव सांगत नाही. आधी दाखवा."

"नावाशिवाय आत्मा कसा येणार, माई?"

ती चटईवर पडली, पाइपातून पाहिलं आणि उठून उभी राहिली. आवाज न चढवता ती रांगेला म्हणाली, "दिसतोय. नाव न घेता दिसतोय. संध्याकाळी खाडीवर चमकताना दिसतो तोच हा शुक्र. माझ्या मुलीसाठी मी याच्याशी बोलत होते. तुम्हीही याच्याशीच बोलताय."

महाराज लाउडस्पीकरवर शंख फुंकू लागले. पण रांगेतला एक म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "मला कधीच काही दिसलं नव्हतं. बायको रुसलीय म्हणाले, म्हणून हो म्हटलं." मग आणखी दोघं तसंच बोलले. तिसऱ्या दिवशी मंडपाच्या जागी नुसते खड्डे होते. महाराज गेले आणि त्यांच्याबरोबर ईश्वरीचे पैंजणही गेले.

वैजयंती नवऱ्याशी तीन आठवडे बोलली नाही. ज्येष्ठात शुक्र पंचांगातल्या तारखेला दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी ती गच्चीवर आली आणि रिकाम्या पश्चिमेकडे बघत म्हणाली, "खरं सांगा. ती कुठे आहे?"

श्यामसुंदरच्या मनात पुष्कळ गोड उत्तरं येऊन गेली. "कुठेच नाही," तो म्हणाला. "एवढं मोठं आकाश आहे, पण त्यात ती कुठेच नाही."

मग वैजयंती रडली. मुलगी गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. तो शेजारी बसून राहिला.

पावसाळा लागला तशी ती सगुणाबाईंबरोबर गावात आणि सोसायट्यांत घरोघर फिरू लागली. आजही ओळखीचे लोक तिचं ते बोलणं सांगतात. दार उघडलं की ती एवढंच म्हणायची, "माझी मुलगी तारा झालेली नाही. ती मलेरियाने गेली. आम्ही तीन दिवस साधा ताप समजलो. तुमच्याकडे कुणाला ताप आला तर वाट बघू नका, अंगारा लावू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या."