वहिनींची पूड

कारखान्यात त्या पुडीचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला 'वहिनींची पूड' म्हणत.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिथे मातीत कुजून जाणाऱ्या पिशव्या व्हायच्या. त्यांना प्लास्टिकसारख्या कच्च्या मालाचे दोन जातींचे दाणे लागत. एक मक्यापासून केलेला, कडक, काचेसारखा तडकणारा. दुसरा मऊ, ओढाल तितका लांबणारा. दोघांचं आपसात पटत नसे. नुसते एकत्र वितळवले तर मशीनच्या तोंडातून वर चढणारा, पुढे पिशव्यांसाठी कापायचा पातळ फिल्मचा फुगा हातभर जाऊन फाटायचा. वहिनी रसायनशास्त्र शिकलेल्या. नवऱ्याबरोबर दोन वर्षं खपून त्यांनी या दोघांची सोयरीक जुळवणारी पूड शोधून काढली. ती कमी पडली की फुगा फाटे, जास्त झाली की फिल्मवर गाठी येत. जोडीला थोडं तेल. प्रमाण बसलं त्या दिवशी फुगा छतापर्यंत गेला आणि मशीन चालवणारे मिस्त्री मान वर करून बघतच राहिले.

मग नवरा गेला. महिनाभरात धाकट्या दिराने शेड हातात घेतली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही इथेच राहायचं. तुमच्याशिवाय आम्हाला आहे कोण?"

हे बोलणं आपल्याशी नाही, पुडीशी चाललंय, हे वहिनींना कळलं. त्यांना ना मूल, ना माहेर उरलेलं. प्रमाण सांगितलं तर उद्या या घरात आपण कोण? तेव्हापासून वजनाच्या खोलीला त्या आतून कडी लावू लागल्या. पूड त्यांची एक वर्गमैत्रीण कोऱ्या डब्यांतून पाठवी. खोलीला खिडकी नव्हती. एक तराजू, एक बादली, एक दिवा. रोज सकाळी दोन तास त्या तिथे असत.

घरात त्यांना कुणी दुखवत नसे. दुखवणार कोण? चहा हातात मिळे. पण दाताच्या डॉक्टरकडे निघाल्या तरी दीर गाडी काढायचा, आणि कधी बाजारात निघाल्या तर जाऊ पायात चपला सरकवत म्हणायची, "थांबा ताई, मलाही यायचंच होतं." धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. कुणी कुणाला धरलं होतं, एवढंच कळत नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. मग दुसऱ्या गावच्या एका कॉलेजातून पत्र आलं. वहिनींनी गुपचूप अर्ज केला होता. प्रयोगशाळेत जागा होती, राहायला खोली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. हातात बारा दिवस होते.

दुपारच्या जेवणाला त्यांनी ताटाशेजारी एक कागद ठेवला. "भाऊजी, यात सगळं प्रमाण आहे. पुडीचं नाव, कुठून येते तेही. मी जाते आता."

दिराने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कागदाबरहुकूम माल कालवला. फुगा फाटला. पुन्हा कालवला, पुन्हा फाटला, आणि जो भाग वर चढला त्यावर गाठीच गाठी.

दीर वहिनींच्या दारात आला. "काय लिहिलंत तुम्ही यात?"

"जे आहे तेच."

"मग फाटतो का?"

"भाऊजी, शपथेवर सांगते..."

मागून जाऊ म्हणाली, "सहा वर्षं कडी लावून बसलात, ताई. आज एकदम खरं सांगितलंत, असं कसं मानायचं?"

तिच्या जागी आपणही मानलं नसतं, हे वहिनींना पटत होतं. त्या शेडमध्ये गेल्या, आकडे तपासले, तराजू तपासला. सगळं बरोबर होतं. त्यांनी स्वतः खोलीत जाऊन माल कालवला तर फुगा सरळ वर गेला. दिराने कडवट हसून टाळी वाजवली. तीन दिवस हेच चाललं. आपण काय वेगळं करतो, ते त्यांचं त्यांनाच कळेना. आणि सहा वर्षांत त्यांना माल कालवताना कुणी बघितलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना हाक मारली. "आत या. मी कालवते, तुम्ही फक्त माझ्या हातांकडे बघा."

मिस्त्री अवघडून दाराशी उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी तेल ओतलंत."

"मग?"

"कागदावर पूड आधी आहे. आणि तेल ओतून तुम्ही दाणे चोळत बसलात. मी आपलं एकदम सगळं ढकलतो."

वहिनी हातांकडे बघत राहिल्या. तेलाने ओल्या झालेल्या दाण्यांना पूड सगळीकडे सारखी चिकटत होती. कोरड्या दाण्यांवरून ती घसरून तळाशी गोळा होत असणार. इतकी साधी गोष्ट. ती लिहायला हवी, असं कधी मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मिस्त्रींच्या हातचा फुगा छताला लागला. दिराने फिल्म ओढून पाहिली, पुन्हा ओढली. मग हळूच म्हणाला, "अजून काय राहिलंय सांगायचं?"

"काही नाही."

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचे दाणे येतायत. त्यांना हेच प्रमाण चालेल?"

'चालेल' म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. वहिनी म्हणाल्या, "नाही चालणार. नव्याने बसवावं लागेल."

"मग कशा जाणार तुम्ही?"

कॉलेजला त्यांनी दोन महिन्यांची मुदत मागितली. उत्तर लगेच आलं: जागा भरली होती. दिराने सांत्वन केलं, पण चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव त्याला लपवता आला नाही. वहिनी दार लावून तासभर रडल्या. मग तोंड धुऊन शेडमध्ये गेल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "आता मी तराजूला हात लावणार नाही. चुका तुम्ही करायच्या."

"माल वाया जाईल वहिनी. मालक मला उलटं टांगतील."

"टांगू देत. खालून मी धरते."

नवे दाणे आले. मिस्त्रींनी दीड महिना फुगे फाडले. वहिनी स्टुलावर बसून राहायच्या, हात मांडीखाली दाबून. दीर येऊन चिडायचा, "तुम्हीच करा ना!" त्या मान हलवायच्या.

एका दुपारी त्या घरात असताना मशीन थांबलं नाही. अर्धा तास, तास. कुणी बोलवायलाही आलं नाही. संध्याकाळी मिस्त्री फिल्मचा तुकडा घेऊन आले, लहान पोरासारखे लाजत. वहिनींनी तो ओढला. तुटला नाही. त्यांना आनंद झाला, आणि लगोलग भीतीही वाटली. आता आपल्यावाचून कुणाचंच अडणार नव्हतं.

आठवड्याने त्या टेबलाशी बसून नवा अर्ज लिहीत होत्या. जाऊ दारात थांबली.

"दुसरीकडे करताय, ताई?"

"हो."

"मिळेल?"

"माहीत नाही."

जाऊने टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. "पाकिटं संपलीत घरातली," ती म्हणाली.

"आणते मी," वहिनी म्हणाल्या आणि चपला घातल्या. या वेळी जाऊ दारातच उभी राहिली.