पुलाच्या तीन तारखा

माझे सासरे तेहतीस वर्षं सरकारी गोदामात साठा-तपासनीस होते. दोन याद्या जुळल्या नाहीत तर तिसरी मोजणी, हा त्यांचा धर्म. अशा माणसाच्या हाती लढायांचा इतिहास द्यायचा नसतो. पण दिला सासूबाईंनीच.

सासूबाईंचा थोरला भाऊ लढाईत गेला. त्याआधी तो ज्या शाळेत चित्रकला शिकवायचा, तिच्या नव्या सभागृहाला आता त्याचं नाव मिळणार होतं. पाटीवर नावाखाली एक ओळ हवी होती.

"पूल राखताना वीरमरण," सासूबाईंनी झटकन सांगितलं. घरात पन्नास वर्षं हेच चाललेलं.

"तारीख?" सासऱ्यांनी विचारलं.

"ती तुम्ही बघा पुस्तकात. नाहीतरी दिवसभर पंख्याकडे बघत बसता."

सासऱ्यांनी वाचनालयातून सेनापतींच्या आठवणी आणल्या. सहाशे पानं, पाऊससुद्धा सेनापतींना विचारून पडलेला. त्यात पूल बारा तारखेपर्यंत लढवला होता.

सासूबाई खूश व्हायच्या, तर बोटांवर दिवस मोजू लागल्या.

"बारा कशी? दादाची रजा नऊपासून मंजूर होती, माझ्या लग्नासाठी. 'अकराला दारात उभा राहतो,' असं पत्र होतं त्याचं. मी समजत होते, तो नऊच्या आधीच गेला."

"थांबला असेल पुलावर."

"माझं लग्न सोडून?"

सासरे दुसरं पुस्तक घेऊन आले. हे शत्रूकडच्या मंत्र्याचं. त्यांच्या मते पूल आठ तारखेला तासाभरात हाती आला, गोळीसुद्धा न झाडता.

"मेला खोटारडा!" सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण तारीख तुझ्या सोयीची आहे."

झालं, दोन याद्या जुळेनात. तिसरं पुस्तक एका प्राध्यापकांचं, निम्मं पान मजकूर, निम्मं पान तळटीपा. त्यांनी लिहिलं होतं की पूल सात तारखेला आपल्याच सैन्याने उडवला, आणि पलीकडच्या काठावर काहीजण राहून गेले. त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

सासऱ्यांनी माझ्या मुलीची वही ओढून बेरीज मांडली. पुलावर पाठवले तीनशे. सेनापतींच्या हिशेबात चाळीस पडले, दोनशे दहा परत आले. मंत्र्याने एकशे साठ कैद केले.

"सूनबाई, तीनशे गेले आणि चारशे दहा भरले! गोदामात असं निघालं असतं तर मी घरी बसलो असतो."

"बाबा, कदाचित नद्याच दोन असतील," मी म्हटलं. ते हसले नाहीत. उलट नकाशा बघायला उठले.

सासूबाईंचं गणित वेगळंच चाललं होतं. भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "बारा धरली तर दादा शूर, पण मला दिलेला शब्द मोडला. सात धरली तर बिचाऱ्याला यायला वाटच नव्हती. पण मग राखलं काय त्याने? पूल तर उडालेला." निवडलेली पानं त्यांनी देठांत टाकली, आणि देठं पातेल्यात.

"तुम्हाला काय हवंय, आई?"

"तेच तर कळेना गं."

तेवढ्यात पाटी कोरणाऱ्याचा फोन आला. ओळ आज हवी, गुरुवारी समारंभ. सासऱ्यांनी फोन बायकोपुढे धरला.

"अहो, तुम्हीच सांगा ना. तिन्ही वाचलीत तुम्ही."

"म्हणूनच मला सांगता येत नाही."

सासूबाईंनी हात पदराला पुसले, फोन घेतला. "नाव तेवढं कोरा. खालची जागा मोकळी सोडा."

पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं.

"अहो, तो तिथं काय करत होता हे त्याच्या बहिणीला अजून ठाऊक नाही, दगडाला काय सांगू?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा शोधला. आयुष्यात पाकशास्त्रापलीकडे पुस्तक न उघडलेली बाई. तिन्हींतलं सर्वांत जाड त्यांनी मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून, ओळीखाली बोट धरून, सुरुवात केली.