कारखान्याचा वरचा मजला

घाटकोपरच्या त्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून तो गणिताच्या रतनबाईंच्या गळ्यात पडला. यंत्र एकच. कीबोर्ड, त्याला जोडलेला जुना टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट प्लेअर. त्यावर मराठी अक्षरं नव्हती, पण बाईंनी इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहून एक खेळ रचला.

खेळात चित्र नाही, आवाज नाही. बंद पडलेल्या एका कारखान्यात तुम्ही अडकलेले असता आणि बाहेर पडायचं असतं. ‘दार उघड’, ‘डबा घे’ असं काहीतरी टाइप करायचं, मग यंत्र पुढे काय झालं ते सांगतं. बहुतेक वेळा तुम्ही मेलेले असता.

हे मरण पुरवायची सुंदराबाई, बाईंची आई. साकीनाक्याच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात जन्मभर झाडू मारला, मग पाय गेले आणि खिडकीजवळच्या कॉटवर मुक्काम आला. रतनबाई शाळेतून आल्या की तिच्या उशाशी बसून विचारायच्या, “आई, लिफ्टचं दार उघडलं. पुढे काय?”

आई मटार सोलता सोलता म्हणायची, “लिही. लिफ्ट आली नव्हती. तू मात्र आलास. तू मेलास.”

“आणि कपाटातला डबा खाल्ला तर?”

“डबा वॉचमनचा. वॉचमन जाऊन चार वर्षं झाली. तू आत्ता चाललास.”

“आई, लहान मुलं खेळणार आहेत गं.”

“मग काय झालं? त्यांना काय मरण ठाऊक नाही? भ्यायला लावू नको, हसायला लाव.”

मुलं हसली, आणि अशी हसली की शाळा सुटल्यावर तासभर कॉम्प्युटरच्या खोलीतून हलेनात. मैदानात कुणी धडपडलं की बाकीची ओरडायची, “तू मेलास. चहा राहिला.” हे बॉयलरला हात लावल्यावरचं वाक्य. आईला त्यातलं एकेक सांगितलं की ती कॉटवर पडल्या पडल्या पोट धरायची. तो कॉम्प्युटर तिने कधी पाहिला नाही. मुलांना मात्र ही वाक्यं बाईंच्या आईची, म्हणजे आजींची, हे ठाऊक होतं.

गेल्या वर्षी आई गेली. पुण्यानुमोदनाला नातेवाईक आले, खीर खाऊन, चार चांगले शब्द बोलून परतले. घरात कॉट राहिली आणि रतनबाई राहिल्या. तेव्हापासून त्या शाळेतला तो एक तास त्यांना फार लागायचा. बाहेर पडलं की बाजारात रेंगाळायचं, मग घर, मग रेडिओ. दिवसभरात त्यांच्याशी शेवटचं कुणी बोललेलं असायचं ते या मुलांपैकीच.

दिवाळीनंतर मुलं कमी झाली. त्यांच्यातल्या चंद्रप्रकाशच्या चुलत्याने परदेशातून व्हिडिओ गेम आणला होता. त्यात बेडूक उड्या मारायचा, रंगीत. शेवटी मीरा, चंद्रप्रकाश आणि आणखी दोघं एवढीच उरली.

“बाई, राग नका मानू,” सातवीतली मीरा म्हणाली, “पण आता कुठे कसं मरायचं ते पाठ झालंय. नवीन काहीतरी करा ना.”

“मोठं करा बाई. वरचा मजला,” चंद्रप्रकाश म्हणाला. “तो जिना आहे ना, त्याला कुलूप आहे. खालची किल्ली घेऊन वर जायचं.”

“नाहीतर हा उद्यापासून बेडकाकडे जाणार आहे,” मीरा म्हणाली.

“गप गं. तूच म्हणालीस जाऊ या म्हणून.”

बाईंनी वरचा मजला करायचं कबूल केलं. नाही म्हटलं असतं तर त्या तासात खोलीत एकट्या त्याच बसल्या असत्या.

रोज थोडं थोडं त्या रचू लागल्या. मालकाची केबिन, हिशेबाची खोली, गच्ची. पण यंत्राची आठवण ठेवायची ताकद फार थोडी. गच्चीशी आल्यावर टीव्हीवर अक्षरं उमटली : आता जागा नाही.

बाईंनी स्वतःची वाक्यं छाटली. ‘तू एका अंधाऱ्या, धुळीने भरलेल्या खोलीत उभा आहेस’चं ‘अंधार. धूळ’ झालं. तरी जागा पुरेना. सगळ्यांत लांब वाक्यं उरली होती ती आईची. जुना खेळ कॅसेटवर राहिलाच असता, हे त्यांना ठाऊक होतं. पण नवा आल्यावर जुनी कॅसेट कोण लावणार? कपाटात पडून राहील, घरातल्या कॉटसारखी. त्यांनी आईच्या एका शब्दालाही हात लावला नाही. गच्चीच काढून टाकली.

शनिवारी नवा खेळ लावला. मुलं खाली भराभर किल्ली घेऊन वर गेली. मीराने केबिनची खिडकी उघडून बाहेर उडी मारायला सांगितलं. यंत्राने उत्तर दिलं : तोल गेला, पण वाचलास.

चंद्रप्रकाशने उघड्या वायरला हात लावला. लाइट गेली आहे. वाचलास.

मुलं शाई प्यायली, पंख्याला लोंबकळली, साप पकडायला गेली. वाचलास. वाचलास. साप रबराचा होता.

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“बाई,” मीरा हळूच म्हणाली, “वर कुणी मरतच नाही.”

बाई टीव्हीकडे बघत राहिल्या. लिहिताना त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. दर वेळी मरणाशी आल्या की त्यांचा हात परस्पर दुसरीकडे वळला होता.

“खाली आजी मारायच्या, झकास,” चंद्रप्रकाश म्हणाला. “वर वाट लागली.”

“ए, नीट बोल ना.”

“खरं तेच बोलतोय. बाई, जागा नसेल तर खालचं काढा. ते आम्हाला पाठ आहे.”

बाईंना ते टोचलं. “काढू? आजींचं सगळं?”

“पाठ आहे ना पण,” तो म्हणाला आणि उभा राहून धडाधड म्हणू लागला. लिफ्ट, डबा, बॉयलर, विहीर. मीरा मध्येच त्याला दुरुस्त करत होती. “विहिरीचं चुकलास. ‘वाकू नको म्हटलं होतं. आता आहेस तिथे बस.’” आणि ‘बस’ म्हणताना तिने मान अशी काही झटकली की बाई चमकल्या. आई अशीच झटकायची. मीराने आईला कधी पाहिलं नव्हतं. ती लकब बाईंकडूनच आली असणार. मुलांना वाचून दाखवताना त्यांनीच झटकली असणार.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“चंद्रप्रकाश, लिफ्टचं काढते. बघ हं, पुन्हा विचारलं तर तुला म्हणून दाखवावं लागेल.”

“कधीही विचारा.”

आईची ती ओळ काढताना बाईंचं बोट कळीवर जरा थांबलं. मग कळ दाबली गेली. लिफ्टच्या जागी नुसतं ‘बंद’ राहिलं. मोकळ्या झालेल्या जागेत काय घालायचं ते मात्र सुचेना. घरी विचारायला कुणी नव्हतं.

“वर जाऊन पहिल्यांदा काय कराल?” त्यांनी विचारलं.

“मी हाक मारीन,” मीरा म्हणाली. “कुणी आहे का म्हणून.”

रतनबाईही रोज कुलूप काढून आत शिरताना तेच करायच्या. सवयीने. “आई, आले गं.” हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. त्यांनी टाइप केलं आणि टीव्ही मुलांकडे वळवला.

“घे. मार हाक.”

मीराने ‘हाक मार’ टाइप केलं. टीव्हीवर उमटलं :

हाक मारलीस. कुणी ओ दिली नाही. नशीब समज. ओ आली असती तर तू मेलासच.

मुलांनी ओळ वाचली. मग चंद्रप्रकाश फिस्सकन हसला, मीराही, आणि मागची दोघं पुढे घुसली. “बाई, हे आजींचं?”

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “माझं.”

“बाई, आता पंख्याला लोंबकळल्यावर मारा,” मीरा म्हणाली. “आणि साप खरा करा.”

मुलं गेल्यावर त्यांनी खेळ कॅसेटवर उतरवला. कॅसेटची किरकिर संपेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. मग बाजारात न रेंगाळता घरी गेल्या, कुलूप काढलं आणि दारातून हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

“नशीब माझं,” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.