काचेबाहेरची किल्ली

मी किल्ली बोलतेय. काचेच्या पेटीतली नव्हे; तिचे फोटो तुमच्याकडे ढिगानं असतील. मी दाराशेजारच्या खिळ्यावरची. मला पाहून तुमच्यातल्याच एकानं विचारलं होतं, "ही काय, गोठ्याची का?"

गोठ्याची नाही. ज्या चर्चच्या दारासमोर उभं राहून तुम्ही 'वा' म्हणता, त्या दाराची.

माझा जन्म बावीस वर्षांपूर्वी लोहाराच्या भट्टीत झाला, तोही घाईत. परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेलं हे चर्च पाहायला बसा यायला लागल्या, तसं वरच्या लोकांना वाटलं की जुनी किल्ली मौल्यवान आहे, ती काचेत ठेवावी. म्हणजे रोजच्या राबण्याला दुसरी हवी. तेव्हाच्या राखणदारबाबांनी मला घडवायला टाकलं. लोहारानं माझा एक दात आखूड कापला. आता शहाणा माणूस किल्ली पुन्हा घडवेल. यानं कुलूप उघडलं आणि आतल्या पट्टीला कानस मारून ती माझ्या मापाची केली.

"मग जुनी लागेल का आता?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण ती काचेतून कशाला बाहेर येतेय?" लोहार म्हणाला.

दोघं पोटभर हसले आणि गप्प बसले. त्या दिवसापासून थोरली, म्हणजे ती जुनी किल्ली, या कुलपाची कुणीच लागत नाही. तिच्याखाली पाटी मात्र झळकते : 'तीनशे वर्षांपासून हे दार उघडणारी किल्ली.' वडीलधाऱ्यांनी मारलेली थाप, वर चौकटीत बसवलेली. आणि आम्ही लहानांनी तिच्यासमोर मान झुकवायची.

थोरली मखमलीवर लोळते. मी कुलपात पोट खुपसून पडते. एका दिवसाच्या सहलीत तीन चर्च, मग पाणपक्ष्यांचं तळं, मग धबधबा. त्यात आमचं चर्च दुसरं. बाबांचा मुलगा गाईड आहे. तो रंगीत काचा दाखवतो, सोनेरी वेदी दाखवतो, फरशीतली थडगी दाखवतो, आणि शेवटी पेटीपाशी येऊन आवाज खाली आणतो. लोक काचेला नाक लावतात. तिच्या अंगावर गंज चढलाय, त्याचंही कौतुक. माझ्यावर गंजाचा ठिपका आला की मात्र रॉकेलचं फडकं. हेवा वाटतो का म्हणून काय विचारता? बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

बाबांची मुलगी आता राखणदार आहे. माझी बाई. पावसाळ्यात दार फुगतं, तेव्हा ती खांदा लावून ते उचलते आणि मग मला फिरवते. ही युक्ती तिच्याशिवाय कुणाला येत नाही. वटवाघळांची घाण काढायची, मेणाचे थेंब खरवडायचे, बाकं पुसायची. दादा बोलतो, ही झाडते. बाबांनी पोराला गोष्टी दिल्या, पोरीला केरसुणी दिली, आणि वर म्हणाले की दोघांना सारखंच वाढवलं.

धबधबा इथून पाच किलोमीटर आहे. बाईनं तो पाहिलेला नाही. दार उघडं असेपर्यंत तिला हलता येत नाही आणि दार बंद होतं तेव्हा अंधार पडलेला असतो. पाहुणे विचारतात, "मावशी, धबधबा बघण्यासारखा आहे का?" ती म्हणते, "आहे की." मग केरसुणी उचलते आणि झाडलेली फरशी पुन्हा झाडते.

एकदा ती म्हणाली, "दादा, एक दिवस दार सांभाळ. मी जाऊन येते."

"धबधबा काय पळून चाललाय? बाबांनी तरी कधी पाहिला?"

"बाबांनी कुठे काय पाहिलं, दादा."

विषय संपला.

मग गेल्या महिन्यात पर्यटन खात्याचे साहेब येणार असं कळलं. तीन चर्च बघून लोक कंटाळतात, एक गाळायचं होतं. आमचं गळलं तर दाराला कायमचं कुलूप, आणि बाई घरी. दादानं शक्कल काढली. साहेबांसमोर थोरलीनं दार उघडायचं.

बाईचा चेहरा उतरला. बाबांनी जाताना कुलपाचं गुपित तिला एकटीला सांगितलं होतं. "दादा, ती नको. ती बसायची नाही."

"तू झाडायचं बघ."

साहेब आले. बंद दारापुढे दादानं भाषण केलं, थोरली कुलपात घातली आणि फिरवली. ढिम्म. पुन्हा फिरवली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी बाईच्या कमरेला बसून मनात म्हणत होते, अडक, म्हातारे, चांगली अडक. कळू दे सगळ्यांना.

पण बाईची नोकरी त्याच कुलपात अडकली होती. "सरक दादा," ती म्हणाली. "भाषणानं नाही उघडायचं ते." साहेबांकडे पाठ करून तिनं थोरली काढली, पदराआड मला घातलं, खांदा लावला, आणि मी फिरले. क्षणात मला बाहेर ओढून थोरलीला परत भोकात खोचलं आणि ती बाजूला झाली.

दार उघडलं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "तीनशे वर्षं! काय ते जुनं काम!" आमचं चर्च सहलीत राहिलं. माहितीपत्रकावर दादाचा आणि थोरलीचा फोटो छापून आला. मी भट्टीत जळलेली आहे, पण त्या दिवशी जळले तशी नाही.

साहेब गेल्यावर बाईनं दादाला सगळं सांगितलं. त्यानं आधी बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. बाबांची अब्रू जाईल." तिचे आभार वगैरे नाहीत.

"नाही बोलत," बाई म्हणाली.

आज सकाळी तिनं झाडलं, बाकं पुसली, दाराला कुलूप घातलं, मला कमरेला खोचलं आणि चालायला लागली. आत्ता आम्ही धबधब्यापाशी आहोत. आणि माझा हेवा काही सुटत नाही. मेल्या धबधब्याला दारच नाही. ना उघडायचं, ना लावायचं, तरी सगळे त्याच्याच दारात.

मघाशी फोन वाजला. दादा होता.

"अगं, आहेस कुठे? दार बंद आहे. तीस माणसं उन्हात उभी आहेत."

"थोरली घेतलीस ना घरी, पुसायला? उघड की. तीनशे वर्षं उघडतेय ती."

तिनं फोन बंद केला.

त्या तीस जणांत तुम्ही असाल, तर सावली बघून बसा. हवं तर दादाच्या हातातल्या थोरलीला विचारा, शेवटचं दार कधी उघडलंस म्हणून. आम्ही येऊ. पण आत्ता नाही. बाईनं आत्ताच पाण्यात पाय सोडलेत, आणि माझ्यावर तुषार पडतायत. गंजेन बहुतेक. गंजू दे.