विहिणींचा पेरा

आमच्या लग्नात मानपानावरून एक शब्दही वाकडा गेला नाही. विहिणींची खरी गाठ पडली ती पेरणीच्या दिवशी. आणि तेव्हाही दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलत होत्या की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

मी आणि नवऱ्याने नुकतीच आमची पहिली जमीन कसायला घेतली होती. एकाच कुंपणात तिच्या तीन तऱ्हा. वरचा तुकडा उताराचा आणि दगडगोट्यांचा. मधला सपाट, पण आधीच्या माणसाने मक्याची धसकटं आणि पाचट तसंच टाकून दिलेलं. खालचा ओढ्याला लागून, चिकणमातीचा. त्यात पाय टाकला की बूट मागेच राहायचा. गव्हाचं बियाणं आणलं होतं, एक जुना ट्रॅक्टर होता. नव्हतं ते पेरणीयंत्र.

म्हणून मी आईला फोन केला. मला न सांगता नवऱ्याने त्याच्या आईला केला.

सकाळी फाटकातून आधी आईचा ट्रॅक्टर आला. मागे फणांचं यंत्र. बाबा गेल्यापासून आईच ते चालवते, फण झिजले की स्वतः वेल्डिंग करते. त्याचा मूळ रंग कुठला, हे आता कुणालाच सांगता येत नाही. आई खाली उतरते न उतरते तोच दुसरा हॉर्न वाजला. सासूबाई! मागे चकत्यांचं नवंकोरं यंत्र. ते त्यांनी त्याच वर्षी, घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून घेतलं होतं.

"अगंबाई, विहीणबाई, तुम्ही पण?" आई म्हणाली.

"लेकानं बोलावलं."

"मला लेकीनं."

दोघींनी आमच्याकडे पाहिलं. नवरा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"छान आहे हो तुमचं यंत्र," आई म्हणाली. "बैठकीच्या खोलीतसुद्धा शोभून दिसेल."

"तुमचंही छान आहे. अजून चालतं म्हणजे कौतुकच."

आता यातल्या एका यंत्राला परत पाठवणं म्हणजे घरात कायमची धुसफूस. मी मनाशी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "असं करू. प्रत्येक तुकडा अर्धा-अर्धा वाटून घेऊ. बियाणं तेच, दिवस तोच. मध्ये खुंट्या ठोकते."

"म्हणजे परीक्षा," आई म्हणाली.

"पेरणी," मी म्हणाले.

"परीक्षाच!" सासूबाई म्हणाल्या आणि बाह्या वर सारल्या. त्या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

वरच्या तुकड्यात आईचे फण दगडांमधून वाट काढत, माती उकरत, खडखडाट करत गेले. मागे बी नीट मातीआड. सासूबाईंच्या चकत्या सुरीसारखी चीर पाडतात आणि मागचं छोटं चाक ती चीर दाबून बंद करतं. पण दगडाला कोण चीर पाडणार? चकत्या दगडावर चढायच्या, उडी मारून पलीकडे उतरायच्या. बरंच बी उघड्यावरच पडलं. सासूबाईंनी उतरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, पाखरांची सोय झाली."

मधल्या तुकड्यात पारडं फिरलं. आईच्या फणांत पाचट अडकायला लागलं. थोडं पुढे गेलं की यंत्रापुढे गवताची गंजी. आई उतरायची, दोन्ही हातांनी पाचट उपसायची, ट्रॅक्टरला चार शब्द सुनवायची आणि पुन्हा चढायची. शेजारून सासूबाई धसकटं कापत अशा सरळ गेल्या की जणू शिवणयंत्र चाललंय. वरून आईला हातही हलवला.

"हात खाली ठेवा, ओळ वाकडी होईल!" आई ओरडली.

खालच्या तुकड्यात मात्र दोघींची जिरली. चकत्यांना चिखलाचे एवढे थर बसले की त्या फिरेनात. आईचे फण कसेबसे जात होते. शेवटच्या कोपऱ्याजवळ सासूबाईंचा ट्रॅक्टर रुतला. आई म्हणाली, "थांबा, मी ओढते," आणि साखळी घेऊन मदतीला गेली. मग तीही रुतली.

दोन ट्रॅक्टर, दोन यंत्रं, दोन विहिणी, सगळं चिखलात. मला वाटलं, आता खऱ्या भांडणाला तोंड फुटतंय. आणि सासूबाईंच्या तोंडून हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे हलवत. आईने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तीही हसत सुटली.

नवऱ्याने वरच्या कडक बांधावरून आमच्या जुन्या ट्रॅक्टरने दोघींना एकेक करून बाहेर काढलं. त्या कोपऱ्यात पुन्हा यंत्र घालायची कुणाचीच छाती नव्हती. दोघींनी बूट काढले, घमेल्यात बी घेतलं आणि अनवाणी चिखलात उतरून मुठीने फोकलं. "मनगट सैल सोडा हो, दगड मारताय का कुणाला?" हे आईचं. "तुम्ही आपलं घमेलं बघा, सांडतंय," हे सासूबाईंचं. त्या संध्याकाळी मी केलेला चहा दोघींनी गुडघ्यापर्यंत चिखल ठेवूनच प्यायला.

उगवण झाली तशी एका सकाळी मी शेतावर गेले, तर दोघी आधीच हजर.

"मी सहज इथून चालले होते," आई म्हणाली.

"मीही," सासूबाई म्हणाल्या. आमच्या शेतापुढे रस्ता संपतो, हे मी बोलून दाखवलं नाही.

मधल्या तुकड्यात आईचा अर्धा भाग हिरवागार लवलवत होता. सासूबाईंच्या बाजूला मात्र पाचटातून फिकट, विरळ कोंब डोकावत होते. सासूबाई बांधावर बसल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

"सगळे सांगत होते, नको घेऊस म्हणून. मीच हट्टाला पेटले."

आई त्यांच्या शेजारी टेकली. "थांबा हो जरा. उगवलं म्हणजे पिकलं असं थोडंच आहे?"

"तुम्ही जिंकताय, आणि वर मलाच धीर देताय?"

"कापणीला अवकाश आहे. आत्ताच जिंकून घेतलं तर पुढे हरायची पंचाईत."

तसंच झालं म्हणायचं. पुढे पावसाने दडी मारली. ऊन असं तापलं की आईच्या बाजूच्या पातींचे शेंडे वळायला लागले. शेजारी सासूबाईंचा गहू मात्र सावकाश गडद होत गेला. एके दिवशी शेतावर आलेल्या आईने खाली बसून तिकडच्या पाचटाखाली हात घातला, बोटांना लागलेली माती चुरली आणि फोन काढला.

"विहीणबाई, आहात तशा निघून या. तुमच्या पाचटानं ओल धरून ठेवलीय. हो, तुमच्याच. मी कशाला खोटं बोलू?"

फोनमधून आलेला आनंदाचा चीत्कार मला बांधापलीकडे ऐकू आला.

मळणीला प्रत्येक भागाचं धान्य वेगळं भरलं, वेगळं तोललं. वरच्या तुकड्यात आई स्पष्ट पुढे. मधल्यात सासूबाई, आणि त्याही इतक्या पुढे की आईने काट्यावर संशय घेऊन पुन्हा तोलायला लावलं. दुसऱ्यांदा थोडं जास्तच भरलं. खालच्या तुकड्यात आई जराशी वरचढ. मुठीने फोकलेल्या कोपऱ्यात एका जागी जंगल आणि दुसरीकडे टक्कल; तो कुणी तोललाच नाही.

"मग जिंकलं कोण?" नवऱ्याने विचारलं.

"गप रे," दोघी म्हणाल्या.

आई पोत्यावर बसून बराच वेळ घाम पुसत राहिली. तिला काहीतरी बोलायचं असलं की ती अशीच उगाच घाम पुसते. शेवटी म्हणाली, "माझ्या विहिरीकडच्या शेतात यंदा धसकटं तशीच ठेवावी म्हणते. तुमच्या चकत्या येतील का हो?"

सासूबाईंनी डोळे मोठे केले. "येतील की! पण माझ्या टेकडीवरच्या पट्टीला तुमचे फण लागतील. तिथे माझ्या चकत्यांचे दात पडतील."

"किती दगड आहेत?"

"बघूनच सांगा ना. अंधार पडायला वेळ आहे अजून."

दोघी तशाच उठल्या. ट्रॅक्टर कुणाचा न्यायचा यावर थोडी हुज्जत झाली. शेवटी आई चालवायला बसली आणि सासूबाई चाकावरच्या पत्र्यावर बसून रस्ता दाखवू लागल्या.

"अहो, ट्रॉली भरलेली आहे!" मी मागून हाक मारली. "धान्य उतरवायचंय!"

"तरणीताठी माणसं तुम्ही," आईने मागे न बघताच उत्तर दिलं, "उतरवा!"