दोरीच्या खालच्या टोकाला

मी बुडालेली नाही, बुडवलेली बोट बोलतेय. ताइतुंगच्या किनाऱ्यावरून ल्युदाओ बेटावर माणसं नेणं हे माझं काम होतं. या पट्ट्यात समुद्र असा घुसळतो, की अर्धे प्रवासी पिशवीत तोंड घालून बसायचे आणि उतरताना शिव्या मला द्यायचे. थकले तेव्हा माझं इंजिन काढलं, तेल निपटलं, दारं कापली आणि बेटाजवळ मला तळाला बसवलं. माशांना घर हवं होतं.

आता माझ्या अंगावर पोवळी आहेत. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाणबुडे मला बघायला येतात. माझ्या डोलकाठीला एक दोरी बांधलीय, तिच्या वरच्या टोकाला तरंगतं पिंप. त्याला लाँच बांधली, की वरचं बोलणं दोरीतून मला ऐकू येतं.

त्या दिवशी सातवा महिना, म्हणजे भुतांचा महिना, चालू होता. लाँचवाले ताई-शुन काका पुतणीला बजावत होते, "पाण्यावर कुणाला नावानं हाक मारायची नाही. खालचे ऐकतात आणि घेऊन जातात."

"काका, खाली मासे असतात," यी-जेन म्हणाली. कॉलेजात समुद्रातले जीव शिकणारी पोर ती.

"जास्त शहाणपणा नको. मी डोकी मोजतो, तेवढं पुरे."

माझ्या कठड्याला अडकलेल्या तुटक्या जाळ्यात एक कासव गुरफटलं होतं. यी-जेन जाळं कापत राहिली, बाकीचे वर गेले. समुद्र खवळू लागला होता. दुसऱ्या लाँचचा एक पाणबुड्या आल्याचा चहा प्यायला काकांकडे येऊन बसला होता, डोक्यावर पंचा घेऊन. तिच्याबरोबर बुडी मारणाऱ्या जोडीदाराला वाटलं, यी-जेन आत कपडे बदलतेय. काकांनी डोकी मोजली. बरोबर भरली. लाँच निघाली.

मी ऐकत होते. ओरडणार कशानं?

कासव सोडवून यी-जेन वर आली ती रिकाम्या समुद्रात. प्रवाह तिला बेटापासून दूर ओढू लागला. तिनं दोरी पकडली आणि वाळत घातलेल्या कपड्यासारखी ती आडवी फडफडू लागली. सगळा ताण माझ्या गंजक्या डोलकाठीवर. बुडाशी पत्रा करकरला. जन्मभर मी माणसं वाहून नेली. ही एक वाहून जाऊ द्यायची नव्हती. तिचा एक हात सुटला. डोलकाठी वाकली.

मग परतलेल्या लाँचच्या पंख्याची घरघर आली, पंच्याखाली परका चेहरा दिसला असावा, आणि तिच्या वरताण काकांचा आवाज: "ज्वांग यी-जेन! ज्वांग यी-जेऽऽन!" आडनावासकट, तळापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असा.

वर ओढल्यावर ती भडकली. "भुतांनी नाही नेलं काका, तुम्ही सोडून गेलात!"

"हो गं पोरी," काका म्हणाले. "हो."

तेव्हापासून काका नावं घेऊन माणसं मोजतात, हे चांगलं. पण माझ्या उपकारांची फेड म्हणून दर खेपेला समुद्रात तांदळाची दारूही ओततात, हात जोडतात. वडीलधाऱ्यांचं हेच! मोडलेलं दुरुस्त करायचं सोडून त्याची पूजा मांडायची. काका, दारू तुम्हीच प्या. माझी डोलकाठी बुडातून निम्मी तुटलीय आणि तुम्ही अजून तिलाच दोरी बांधताय. माझ्या पुढच्या टोकाचा लोखंडी खुंट घट्ट आहे, तिथे बांधा. आजच बांधा. पुढची पोर माझ्याच्यानं धरवणार नाही.