काठोकाठ प्याला

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या ओयींच्या, डोळ्यांत थेंब घालून घालून मी मेटाकुटीला आले होते. सकाळ-संध्याकाळ तोच तमाशा.

"झोंबतं गं मेलं! आणि फरक तरी काय पडतोय?"

"फरक पडणारच नाहीये, ओयी," मी सांगायची. "हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. गेली ती नजर गेली. उरलीय ती टिकावी म्हणून हे थेंब."

तेवढ्यात माझ्या नणंदेला, हिलोलाला, मर्गिलान शहरातून मागणी येणार असं कळलं आणि ओयींनी थेंबांची बाटलीच दडवली. आईचा हा रोग मुलीलाही होऊ शकतो, एवढं मात्र त्यांना दवाखान्यात नीट ऐकू आलं होतं. "लग्न ठरेपर्यंत थेंबांचं नाव काढायचं नाही!" मी भांडले, मग थकले. नवरा रशियात बांधकामावर, गाऱ्हाणं घालणार कुणाकडे? पाच आठवडे गेले. ओयींचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटू लागला. मला दिसत होतं आणि मी गप्प होते, याचा अजून राग येतो.

पाहुण्या आल्या. मुलाची मावशी मुकर्रम-ओपा मानाच्या जागी बसली. चहा सुनेने द्यायचा असतो, पण ओयींनी माझ्या हातून किटली ओढून घेतली. "पहिला प्याला मीच देते." डोळे ठणठणीत आहेत हे दाखवायचं होतं ना!

आम्हा उझबेकांकडे प्याला अर्धाच भरतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरला तर अर्थ एकच, प्या आणि निघा. पांढरा प्याला, फिकट हिरवा चहा. ओयी ओततच राहिल्या. मी हात पुढे करेपर्यंत चहा काठाला टेकला होता आणि त्यांनी हसतमुखाने तो मुकर्रम-ओपांपुढे धरला.

"एवढ्यातच निरोप?" मुकर्रम-ओपा म्हणाल्या. "तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं, बाई."

ओयी गोंधळून माझ्या दिशेला वळल्या. थोड्या चुकीच्याच दिशेला.

"त्यांना दिसलं नाही हो," मी बोलून गेले. "काचबिंदू आहे. अपमान नाही केला त्यांनी."

मुकर्रम-ओपांनी एक घोट घेतला, ओयींचा हात दाबला, अल्ला बरं करो म्हणाल्या. मग बूट घालताना मला हळूच विचारलं, "आणि मुलीला?"

"तपासलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा येणार नव्हत्या त्या, हे मला कळलं.

मी भांडी आवरू लागले. आता माझी खैर नाही, असंच वाटत होतं. ओयींनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बाटली काढली. उघडून महिना उलटला होता, म्हणून ती टाकून मी आशेने आणून ठेवलेली नवी उघडली.

त्यांनी मान मागे टाकली. थेंब पडला. या वेळी झोंबल्याची कुरकुर नाही.

"दवाखान्यात उद्या जायचं?" ओयींनी विचारलं.

"जाऊ. तुमच्या डोळ्यांचा दाब पुन्हा मोजायला हवा."

"माझा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी हिलोलाचे डोळे दाखव."